'शिळे' : एका शब्दाचा आणि आपल्या पंगतींचा इतिहास

आमच्यापैकी एक जण नांदेडला आणि एक जण लातूरला मराठी शिकवितो. पदवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकविताना 'शिळ्या कढीला ऊत आणणे' हा वाक्प्रचार येतोच. संपलेला, कंटाळवाणा झालेला विषय उगाच पुन्हा उकरून काढणे, असा अर्थ सांगून आम्ही पुढे जातो. एकदा मात्र एका विद्यार्थिनीने थांबविले. "सर, पण त्यात वाईट काय आहे? आमच्या घरी उरलेली कढी रोजच गरम करतात." वर्ग हसला, आम्हीही हसलो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या समाजाने हा वाक्प्रचार घडविला त्याला दुसऱ्यांदा आलेल्या उताविषयी इतका अविश्वास का वाटत होता? आणि तो अविश्वास आज आपल्या मुलांना परका का वाटतो?

या प्रश्नामागे आमची स्वतःची एक आठवण आहे, ती आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एका खेड्यात भरले होते. फेब्रुवारीचा शेवट, ऊन चटकू लागलेले. त्या दिवशी पाहुण्यांची भाषणे लांबली, जेवणे उशिरा झाली आणि मोठ्या पातेल्यात भात बराच उरला. स्वयंपाकाच्या मावशींनी विचारले, "याचं काय करायचं? भात राहायचा नाही, सर." आम्ही उत्तर दिले, "अन्न वाया घालवू नका, झाकून ठेवा, रात्री फोडणी देऊ." नऊच्या सुमारास तो भात फोडणी देऊन वाढला गेला. मध्यरात्रीच्या आधीच उलट्या सुरू झाल्या. सुदैवाने सर्व मुले दोन दिवसांत बरी झाली. पण सकाळ होताच गावात आणि शिबिरातही एकच प्रश्न होता : 'जेवणात कोणी काय टाकले?' मावशी त्या गावच्या नव्हत्या. उरलेले तीन दिवस त्यांना कामावर येऊ नका असे सांगण्यात आले. आम्ही तेथे होतो. आम्ही काही बोललो नाही.

हा लेख त्या न बोललेल्या वाक्याविषयी आहे. भाषेच्या अभ्यासकाने अन्नाच्या तापमानाविषयी लिहावे हे कोणाला अस्थानी वाटेल. परंतु अन्न बिघडते तेव्हा आपण कोणत्या शब्दाने त्याचा विचार करतो, यावर पुढचा न्याय अवलंबून असतो, असे आम्हांस वाटते.

मराठीत अन्न बिघडण्याचे शब्द पुष्कळ आहेत. वरण आंबते, भात विटतो, दूध नासते किंवा फाटते, भाकरी बुरसते, शेंगदाणे खवट होतात, पीठ कुबट लागते, रस्सा धरून उचलला तर तार सुटते. घरातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या नाकाने, जिभेने आणि बोटांनी केलेले हे निरीक्षण आहे. एकेका पदार्थाला त्याचा स्वतंत्र मृत्यू या शब्दांनी दिला आहे. मात्र या सर्व शब्दांना एक मर्यादा आहे. ते इंद्रियांना जाणवणारा बिघाड तेवढा सांगतात. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू मात्र पुष्कळदा वास, रंग, चव यांपैकी कशालाही धक्का न लावता वाढतात. आमच्या शिबिरातला भात विटलेला नव्हता. तो आम्हीही खाल्ला होता आणि आम्हांला चांगला लागला होता.

या शब्दांच्या रांगेत 'शिळे' हा शब्द वेगळा उभा आहे. शिळी भाकरी आंबलेली नसते, विटलेली नसते, तिला वासही येत नाही. तरी ती शिळी असते, कारण ती कालची असते. हा नाकाचा शब्द नाही, घड्याळाचा शब्द आहे. त्याची व्युत्पत्ती त्याहून बोलकी आहे. संस्कृत 'शीतल', त्यापासून प्राकृत 'सीअल' आणि त्यापासून मराठी 'शिळा' असा प्रवास व्युत्पत्तिकोशकार दाखवितात. म्हणजे शिळे याचा मूळ अर्थ गार झालेले. चुलीवरून उतरलेले अन्न गार झाले की त्याचा काळ सुरू होतो, ही जाणीव या शब्दात गोठलेली आहे. गंमत अशी की, ज्याला आपण शासकीय मराठीत 'शीतकपाट' म्हणतो त्या फ्रिजचे नावही याच मुळापासून आले आहे. एकाच 'शीत'पासून अन्नाच्या बिघाडाचे नाव निघाले आणि अन्नाच्या रक्षणाचेही. या विरोधाभासातच आजच्या सूक्ष्मजीवशास्त्राचा सगळा नियम दडलेला आहे.

तो नियम थोडक्यात असा. रोगकारक जिवाणूंना ५ अंश सेल्सिअसखाली वाढणे फार कठीण जाते आणि ६० अंशांवर ते वाढू शकत नाहीत. या दोन आकड्यांमधला पट्टा धोक्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रे प्रसृत केली त्यांत हेच सांगितले आहे : शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, वाढेपर्यंत ते ६० अंशांहून गरम असावे, आणि ठेवायचे तर लवकर थंड करून ५ अंशांखाली ठेवावे. म्हणजे अन्न गरम असताना सुरक्षित असते, पुरते थंड असतानाही पुष्कळ अंशी सुरक्षित असते. धोका आहे तो गरमाकडून गाराकडे जाण्याच्या वाटेवर. 'शिळे' हा शब्द नेमका त्या वाटेचा आहे.

अनुकूल परिस्थितीत अनेक जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. आमचा भात दीड वाजता चुलीवरून उतरला आणि नऊ वाजता वाढला गेला, म्हणजे साडेसात तास. कागदावर हिशेब केला तर तेवढ्या वेळात बावीस दुपटी होतात आणि एका जिवाणूचे सुमारे बेचाळीस लाख होतात. प्रत्यक्षात सगळे असे सरळ घडत नाही. तरीही भूमितीश्रेणीपुढे 'झाकून ठेवा' या सूचनेचे काही चालत नाही हे त्यावरून कळते. झाकण माशीला अडविते, काळाला नाही. उलट ते पातेल्यातली ऊब राखून ठेवते.

आणि 'खोलीचे तापमान' म्हणजे तरी काय? हा शब्दप्रयोग आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून आला, आणि ती पुस्तके ज्या देशांत लिहिली गेली तेथे खोलीचे तापमान वीस-बावीस अंश असते. नांदेड-लातुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात तो त्याहून अधिक. प्रयोगशाळेत अनेक रोगजंतू वाढविण्यासाठी जे उबवणी यंत्र वापरतात त्याचे तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणजे उन्हाळ्यात मराठवाड्यातले प्रत्येक स्वयंपाकघर हे एक उबवणी यंत्रच असते. अशा प्रदेशात शेकडो वर्षे माणसे फ्रिजवाचून जगली, तर त्यांनी या काळाशी कोणत्या अटींवर तडजोड केली होती, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रंथांतून पाहिले तर शिळ्याचा विचार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराची जी लक्षणे येतात त्यांत 'यातयाम' आणि 'पर्युषित' हे दोन्ही शब्द काळाचे आहेत. 'याम' म्हणजे प्रहर, तीन तासांचा काळ. 'यातयाम' याचा अर्थ शंकराचार्यांनी नीट न शिजलेले असा घेतला, तर रामानुजाचार्यांनी बराच काळ राहिलेले असा घेतला. 'पर्युषित' म्हणजे रात्र उलटलेले. ज्ञानेश्वरीत हा विचार मराठी घरात उतरतो. तयार झालेले अन्न दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी खाण्याची तामस माणसाची आवड तेथे वर्णिली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने शिळ्या अन्नाला अपवादही दिले : तूप-तेलाने युक्त अन्न, तसेच गहू, जव आणि दुधाचे पदार्थ. यांतील स्निग्ध, कोरड्या पदार्थांचा अपवाद आजच्या ज्ञानाशी बराचसा जुळतो, कारण पाण्यावाचून जिवाणू वाढत नाहीत. दुधाचा मात्र सरसकट जुळत नाही. तेव्हा 'आपल्या ऋषींना जिवाणू ठाऊक होते' असल्या निष्कर्षाकडे आम्हांला जावयाचे नाही. शुद्धाशुद्धतेच्या व्यवस्थेत आरोग्याचे निरीक्षण मिसळलेले होते, पण ती व्यवस्था आरोग्यासाठी नव्हती. त्याची किंमत कोणी मोजली, याकडे पुढे येऊ.

ग्रंथांपेक्षा घराकडे पाहणे अधिक फलदायी आहे. मराठवाड्याच्या घराने तीन उपाय केले. पहिला, अन्न गरमच ठेवणे. गोवऱ्यांच्या विस्तवावर दुधाचे मडके दिवसभर मंद तापत राही. त्यावर जाड, तांबूस साय धरे. त्या सायीची आठवण आपण लिहितो, पण त्या विस्तवाने दूध धोक्याच्या पट्ट्याबाहेर राखले होते, हे लिहीत नाही. दुसरा उपाय, अन्न कोरडे करणे. कडक भाकरी, दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सांडगे, पापड : प्रवासाची आणि शेताची शिदोरी या कोरड्या पदार्थांचीच असे. तिसरा उपाय, अन्न आधीच आंबविणे. दूध नासण्यापूर्वी त्याचे दही करायचे, ताकात ज्वारीचे पीठ शिजवून आंबील करायची. आंबटपणात बहुतेक रोगजंतूंना वाढ करता येत नाही. म्हणजे एका उपकारक जिवाणूला आधी घरात जागा देऊन बाकीच्यांना दार बंद करायचे. शिंके, रांजण, ओल्या फडक्यात गुंडाळलेली भांडी हे सगळे त्यांच्या जोडीचे.

या तिन्हींचा मेळ पाहायचा असेल तर येळवस पाहावी. मार्गशीर्षातल्या दर्शवेळा अमावास्येचा हा शेतीचा सण लातूर आणि पूर्वीच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात सर्वांत मोठ्या उत्साहाने होतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा झाला, पण येळवस दोन्हीकडे सामाईक राहिली. सीमेपलीकडे कर्नाटकातही ती आहे. या दिवशी गाव ओस पडते आणि शेत भरते. भज्जी, आंबील, उंडे, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या असा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून सुरू होतो आणि सकाळी डोक्यावरून शेतात जातो. आधी शिजवून, वाहून नेऊन, उशिरा खाण्याचा हा वर्षातला मोठा प्रसंग आहे, आणि तो वर्षातल्या सर्वांत थंड दिवसांत येतो. पदार्थांत ताकाचा आंबटपणा आहे, पोळ्यांत कोरडेपणा आहे. आमच्या पूर्वजांनी हे सारे तापमापी लावून ठरविले असे आम्ही म्हणत नाही. परंतु जी रीत माणसाला आजारी पाडीत नाही ती टिकते, आणि टिकलेल्या रीतीत कोणी न मांडलेले शास्त्र साठत जाते, एवढे नक्की म्हणता येईल.

आता किमतीविषयी. शिळे ही केवळ काळाची वर्गवारी नव्हती, ती माणसांचीही वर्गवारी होती. सकाळच्या पंगतीत ज्याला स्थान नाही त्याच्या पदरात संध्याकाळी काय पडते, हे मराठी साहित्याला दलित आत्मकथनांनी सांगितले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली. दारोदार मागून आणलेले, मिसळलेले, रात्र काढलेले अन्न हा या लेखनाच्या केंद्राजवळचा अनुभव आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यात स्वाभिमानाचा मुद्दा मुख्य होता. पण ते आवाहन आरोग्याचेही होते. वर्गात ही पुस्तके शिकविताना आपण अपमानावर बोलतो, ते योग्यच आहे. मात्र त्या अन्नाने किती पोरे हगवणीने गेली असतील, हा प्रश्नही त्या पानांतच आहे. धोक्याच्या पट्ट्यातले अन्न समाजाने खालच्या पायरीवर ढकलले होते.

याला एक वेगळे उत्तर मराठवाड्याने दुष्काळात पाहिले. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी वाटण्यात आली. तिच्या चवीविषयी फार कोणी चांगले बोलत नाही. परंतु उघड्या माळावर, भर उन्हात, हजारो माणसांना द्यावयाचे अन्न म्हणून कोरडी सुकडी निवडण्यात शहाणपण होते. नावातच तिचे शास्त्र आहे : सुके ते राहते.

पंगत मात्र वेगळी गोष्ट आहे. जुन्या पंगतीची शिस्त अशी की, पाने मांडली की अन्न चुलीवरून थेट येई. पंगत उठली की दुसऱ्या पंगतीचा भात वेगळा उतरे. नांदेडकरांना याचे जिवंत उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण १७०८ साली नांदेडला झाले. आज दिसणारी सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. लंगरची रीत पाहिली तर तिच्यात डाळ शिजत राहते, रोट्या भाजल्या जात राहतात आणि माणसे येत-जात राहतात. जेथे माणसे अन्नासाठी बसतात आणि अन्नाला माणसांसाठी ताटकळावे लागत नाही, तेथे घड्याळ अन्नाच्या बाजूने असते.

आपल्या आजच्या लग्नांत, सत्कारांत, भंडाऱ्यांत हे उलटे झाले. आचारी पहाटे कढया चढवितात, मुहूर्त लांबतो, पुढारी दुसऱ्या गावाहून निघालेले असतात, वरात नाचत असते. अन्न वाट पाहते. भांडे जितके मोठे तितकी ही वाट पाहणे धोक्याचे. भांड्याचे माप सर्व बाजूंनी दुप्पट केले की आतले अन्न आठपट होते, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणून घरचे पातेले तासाभरात निवते, पण शंभर माणसांचे पातेले मध्यभागी रात्रभर कोमट राहते. शिजवताना न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू या कोमट गाभ्यात पुन्हा जागे होतात. 'शितावरून भाताची परीक्षा' आपण म्हणतो खरे. पण ती परीक्षा भात शिजला की नाही याची आहे, भात राहील की नाही याची नव्हे.

दुसऱ्या उताचे काय, हा विद्यार्थिनीचा प्रश्न अजून उरला आहे. त्याचे उत्तर विज्ञानाने विसाव्या शतकात, आणि तेही स्वतःच्या पोटावर प्रयोग करून मिळविले. १९१४ साली फिलिपाइन्समध्ये बार्बर या संशोधकाने एका वरकरणी निरोगी गायीच्या दुधाची परीक्षा केली. ताजे दूध प्यायल्यास काही होत नसे. तेच दूध काही तास बाहेर ठेवून प्यायल्यास तो आजारी पडे. दुधात कोणी काही टाकले नव्हते, फक्त वेळ गेला होता. १९४७ ते १९४९ या काळात नॉर्वेत ऑस्लोच्या रुग्णालयांत आदल्या दिवशी शिजवून बाहेर ठेवलेल्या व्हॅनिला सॉसमुळे माणसे आजारी पडली. हौगे या शास्त्रज्ञाने त्यातला 'बॅसिलस सिरियस' हा जिवाणू वाढवून तसा सॉस स्वतः प्यायला आणि आजारी पडून आपले म्हणणे सिद्ध केले. १९७१ पासून ब्रिटनमध्ये याच जिवाणूचा दुसरा अवतार चिनी उपाहारगृहांच्या फोडणीच्या भातात सापडू लागला. तेथे भात आदल्या दिवशी उकडून बाहेर ठेवीत आणि गिऱ्हाईक आले की तव्यावर परतीत. या भातात तयार होणारे उलटीचे विष उकळीनेही नष्ट होत नाही. जिवाणू मेले तरी त्यांनी मागे ठेवलेले विष राहते. म्हणजे शिळ्या कढीला आणलेला ऊत हा खरोखरच फसवा ऊत आहे. तो ताजेपणाचा देखावा परत आणतो, गेलेला काळ परत आणत नाही. आमच्या शिबिरातल्या भाताची हकीकत या वर्णनाशी किती जुळते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मग आपण अशा आजाराला 'विषबाधा' का म्हणतो? हा शब्द दोन संशय एकत्र बांधतो. 'विष' म्हटले की देणारा आला. 'बाधा' म्हटली की बाहेरून झपाटणारे काही आले. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सडणाऱ्या अन्नात 'टोमेन' नावाची विषे तयार होतात असा समज रूढ झाला आणि तो शब्द विज्ञानाने टाकून दिल्यावरही बराच काळ बोलण्यात राहिला. आपल्याकडे कायद्यानेही प्रथम देणाराच शोधला. १९५४ चा कायदा 'अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम' होता. दुधात पाणी, तिखटात विटकरीची भुकटी घालणारा बेईमान माणूस हे त्याचे मुख्य लक्ष्य. २००६ चा कायदा 'अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम' झाला, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो व त्याचे नियम लागू झाले. 'भेसळ' जाऊन 'सुरक्षा' आली, हा नुसता नावातला बदल नव्हे. भेसळीला गुन्हेगार लागतो. असुरक्षिततेला फक्त दुर्लक्ष पुरते.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, कोष्टवाडी येथे, धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली. लोह्याच्या आणि नांदेडच्या रुग्णालयांत शेकडो रुग्ण दाखल करावे लागले. दुसऱ्या दिवशी सर्वत्र मथळा तोच होता : विषबाधा. नवरात्र, महाशिवरात्र आली की भगरीच्या बाबतीतही तोच मथळा येतो; वास्तविक दमट हवेत साठविलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी धरते आणि ती विषद्रव्ये तयार करते, असे अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सांगत असते. खरोखरीचे विष अन्नात मिसळण्याचे प्रसंगही घडतात. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शालेय जेवणात कीटकनाशक गेल्याने तेवीस मुले दगावली. पण जेथे कीटकनाशक आहे तेथेही आणि जेथे फक्त सात तास आहेत तेथेही आपण एकच शब्द वापरतो. शब्द एक झाला की चौकशीही एकच होते. शाळांत जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन वहीत नोंद करण्याची पद्धत आहे. ती चांगलीच आहे. पण ती राजवाड्यातल्या विषपरीक्षेची वंशज आहे. काही तासांनी आजारी पाडणारा जिवाणू चवीच्या वहीत सापडत नाही. तेथे वेळेची नोंद हवी : चुलीवरून उतरले किती वाजता, वाढले किती वाजता.

यात अवघड काही नाही. पाहुणे लांबले तर डाळीखालचा विस्तव चालू ठेवावा. भात उरणारच असेल तर पातेल्यात कोंडू नये, परातींत पातळ पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये न्यावा. जेथे फ्रिज नाही, किंवा असूनही वीज टिकत नाही, तेथे दोन तासांनंतर तो भात माणसांसाठी नाही असे मानावे. अन्न टाकणे पाप आहे, हे आम्हांला दुष्काळी प्रदेशात राहून कोणी शिकवायला नको. पण त्या पापाचा उपाय कमी शिजविण्यात आहे, जास्त ठेवण्यात नाही.

आम्ही पुन्हा त्या शिबिराकडे येतो. "भात राहायचा नाही" हे वाक्य आम्ही त्या दुपारी चवीविषयीचे म्हणून ऐकले. ते काळाविषयीचे होते. मराठीत 'राहणे' या क्रियापदाचा हा अर्थ, टिकणे हा, कोशात आहे, आम्ही तो शिकवितोही. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून तो आला तेव्हा मात्र दोन मराठीच्या प्राध्यापकांना तो कळला नाही. आणि सकाळी गाव 'कोणी टाकले' असे विचारीत होते तेव्हा 'आम्ही ठेवले' हे दोन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. त्यांची राहिलेली मजुरी आम्ही नंतर पोचविली. शब्द पोचवायचे राहिले.

आता वर्गात तो वाक्प्रचार येतो तेव्हा आम्ही अर्थाबरोबर हेही सांगतो, मावशींचे वाक्यही सांगतो, आणि ते ज्यांनी ऐकले नाही ते कोण होते, तेही.